बर्फ न धरणारं बोनेट

आमच्याकडे हिवाळ्यात माणूस डोळे उघडायच्या आधी कान उघडतो. नळ किंचित सोडून ठेवलेला असतो आणि त्याची बारीक धार बेसिनमध्ये स्वतःशी काहीतरी पुटपुटत असते. ती पुटपुटत असली की घर ठीक आहे. गप्प झाली की समजायचं, जमिनीतून वर येणारा पाइप गोठला, आणि आजचा दिवस पाइपाचा.

त्या हिवाळ्यात लाउगा अम्माची धार वरचेवर गप्प व्हायला लागली.

अम्मा माझी नात्याची कुणी नव्हे. आमच्या पणज्या आइसलँडहून या सरोवराच्या काठी आल्या. त्यांची बाकीची भाषा आम्ही हळूहळू सांडून टाकली, पण आजीला अम्मा म्हणणं तेवढं हातात राहिलं. आणि लाउगा ही अख्ख्या किनाऱ्याची अम्मा. तिचं घर माझ्या शेजारचं. ते चाकांवर आलं होतं, मग कुणीतरी चाकं काढली आणि ते इथेच राहिलं. खालची पोकळी चारी बाजूंनी पत्र्याने झाकलेली. त्या पोकळीत पाइप उभा असतो आणि त्याच्या अंगाला विजेची गरम तार बांधलेली असते. थंडी पडली की तार ऊबदार होते आणि पाणी झोपी जात नाही. एवढंच तिचं काम.

अम्माची मुलगी रूना विनिपेगला असते. तिचा फोन मला आला, आईला नाही.

"दीसा, खरं सांग, तार चालू होती का?"

"होती. प्लगवरचा लाल दिवा मी स्वतः पाहिला."

"मग पाइप गोठतो कसा?"

"तेच तर मी त्याला विचारतेय."

"तुला सगळ्यात गंमत सुचते. हे बघ, मी रविवारी येतेय. माझ्यासमोर घरात पाणी नसलं, तर सोमवारी तिला घेऊनच जाणार. वृद्धाश्रमात खोली बोलून ठेवलीय. एकटं राहायचं तर पाणी तरी हवं ना घरात?"

तिचं काही चुकत नव्हतं, हाच तर त्रास होता.

मी गावाहून नवी तार आणली. हे काम मला कुणी शिकवलेलं नाही. नवरा गेल्यावर पहिल्याच हिवाळ्यात माझ्या पाइपाने मला शिकवलं. पत्रा सरकवून मी अम्माच्या घराखाली उताणी शिरले. खाली सगळं निळं होतं. बाहेर पत्र्याला बर्फाची पाळ घातलेली, तिच्यातून उजेड गाळून येतो, तो पाण्याच्या तळाशी असतो तसा येतो. डोक्यावर अम्मा चालत होती. तिची पावलं चुलीपाशी गेली, खिडकीपाशी गेली, तिथे बराच वेळ थांबली. मला वाटलं, मी सरोवराच्या तळाशी पडलेय आणि वर बर्फावरून कुणीतरी चाललंय.

तार पाइपावर सरळ न्यायची, कुठेही तिला स्वतःवरून जाऊ द्यायची नाही. स्वतःवर चढली की जळते. टोकाचा थंडी ओळखणारा मणी पाइपाला घट्ट चिकटवायचा. मग वरून फोमची नळी. सगळं केलं. तारेची वायर पत्र्याच्या भोकातून बाहेर काढली आणि पायरीजवळच्या पॉइंटमध्ये लावली. तिथे दोन प्लगांसाठी दोन भोकं आहेत, पण एक शरद ऋतूत फट् करून जळालं होतं. अम्माने त्याच्यावर चिकटपट्टी मारून ठेवली होती. जखमेवर मारावी तशी, नीट फुली करून.

लाल दिवा लागला.

"झालं?" अम्मा दारातून म्हणाली.

"झालं. आता गोठला तर माझं नाव बदल."

"तुझं नाव मला पहिल्यापासूनच आवडत नाही. कॉफी घे."

साखरेचा खडा दातांत धरून आम्ही कॉफी प्यायलो. धार पुटपुटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरोवरावरून धुकं उठलं होतं आणि सूर्याच्या दोन्ही बाजूंना एकेक खोटा सूर्य उभा होता. असं दिसलं की थंडी जोरात आहे समजायचं. सगळ्या घरांचा धूर सरळ वर गेलेला, दोरीने आभाळाला बांधल्यासारखा. मी अम्माकडे गेले. नळ गप्प. लाल दिवा मात्र लागलेला, निर्लज्जासारखा.

केस वाळवायचं यंत्र घेऊन मी पुन्हा खाली. तासभर पाइपाला गरम हवा दिली तेव्हा तो खोकला आणि सुटला. बाहेर आले, अंग झटकलं, आणि सहज समोर पाहिलं. स्काफ्तीचा ट्रक उभा होता. स्काफ्ती म्हणजे अम्माचा नवरा. जन्मभर या सरोवराच्या बर्फाला भोकं पाडून त्याने जाळी टाकली. तो जाऊन दोन हिवाळे झाले. ट्रकच्या टपावर बर्फ होतं, मागच्या हौद्यात होतं, आरशांवरसुद्धा होतं. बोनेटवर नव्हतं. तिथे अम्माची मांजर पाय पोटाशी घेऊन झोपली होती.

हे मी सगळा हिवाळा बघत होते. पण आमच्याकडे प्रत्येक गाडीच्या तोंडातून वायर लोंबत असते. इंजिन रात्रभर विजेच्या उबेला लावून ठेवलं नाही तर सकाळी गाडी चालू होत नाही. त्यामुळे गाडीची वायर दिसते आणि कुणी ती बघत नाही.

त्या दिवशी अंधारून यायच्या वेळेला मी माझ्या खिडकीशी बसले. अम्मा बाहेर आली. अंगात स्काफ्तीचा कोट, बाह्या बोटांच्या खाली लोंबणाऱ्या. पायऱ्या उतरली. पॉइंटमधून एक प्लग काढला, दुसरा लावला. बोनेटवर हात ठेवला, एखाद्या जनावराच्या कपाळावर ठेवतात तसा. आणि आत गेली.

मी कोट चढवला आणि गेले.

"अम्मा, तू तारेचा प्लग काढतेस?"

"संध्याकाळी. सकाळी उठल्याउठल्या परत लावते."

"पाइप गोठतो त्याने."

"पाइप दुपारपर्यंत सुटतो. ट्रक सुटत नाही."

"ट्रकला जायचंय कुठे?"

"कुठेच नाही. म्हणून काय गारठवायचा?" ती माझ्याकडे अशी बघत होती की वेडी मीच. "तो गेलाय, हे मला ठाऊक आहे दीसा. तशी बघू नकोस. दर रविवारी रेडिओवर प्रार्थना लागते, तेवढा वेळ मी तो चालू करून बसते. पहिल्या किल्लीला चालू होतो. आधी दोन भोकं होती, दोघांचंही भागत होतं. आता एक आहे."

"मग मला सांगायचं नाही?"

"तू ट्रक काढ म्हणाली असतीस."

म्हणाले असते.

माझ्या अंगणात शाळेची पिवळी बस असते. मी ती चालवते. तिचा प्लग हलवायचा प्रश्नच नव्हता, पोरं वाट बघत उभी असतात. पण माझ्या पॉइंटचं दुसरं भोक रिकामं होतं. मी नारिंगी लांब वायर काढली आणि दोन घरांमधल्या बर्फावरून ट्रकपर्यंत नेली. त्या रात्रीपासून अम्माची धार पुटपुटत राहिली.

रविवारी रूना आली. नवी कोरी गाडी. आल्याआल्या नळ पूर्ण सोडला, पाणी धडधडून आलं. ती थोडी नाराजच झाली असावी. तयारीने आलेल्या माणसाचं असं होतं.

"बाहेर ती नारिंगी वायर कसली?"

मी काहीतरी थाप मारणार होते, तोंड उघडलंही होतं. आपणच प्लग काढत होतो हे अम्माने सांगितलं की तिची बॅग भरलीच, हे मला दिसत होतं. पण अम्माला थापा आवडत नाहीत. साखरेचा खडा दातांतून काढून तिने सगळं सांगितलं, शांतपणे, बाजारभाव सांगावा तसं.

रूना उठली. कोट न घालता बाहेर गेली. आम्ही दोघी खिडकीशी उभ्या राहिलो. तिने ट्रकचा प्लग ओढून काढला आणि ती नारिंगी वायर आपल्या गाडीकडे न्यायला लागली. मधेच थांबली. हात ट्रकच्या बोनेटवर टेकला गेला होता. मग तिने ट्रकचं दार उघडलं आणि आत जाऊन बसली. बाहेर करडं निळं होत होतं, काचेवर आतून तिच्या श्वासाची वाफ धरली, आणि काही वेळाने ती दिसेनाशीच झाली.

"आत अजून त्याच्या तंबाखूचा वास आहे," अम्मा म्हणाली. "आणि माशांचा. जास्त माशांचाच."

रूना घरात परत आली ती प्लग पुन्हा ट्रकला लावूनच.

"अगं, तुझी गाडी?" मी विचारलं.

"नवी आहे. तिला काही होत नाही."

शहरातल्या माणसांचा नवेपणावर फार विश्वास.

सकाळी मी बस सुरू करत होते तेव्हा रूनाची गाडी एकदा कण्हली आणि मग तेवढंही नाही. पुन्हा पुन्हा किल्ली. तिला कामावर पोचायचं होतं. अम्मा पायरीवर मोठ्या कोटात उभी, हातात ट्रकची किल्ली. तिने ती पुढे केली.

ट्रक पहिल्या किल्लीला चालू झाला. मांजर उडी मारून पळाली.

अम्माची बॅग गाडीत नव्हती, ट्रकमध्येही नव्हती. पलंगाखाली होती तिथेच राहिली. खिडकीची काच खाली करून रूना मला म्हणाली, "त्या खोलीचं सध्या नको म्हणून कळवते. ट्रक परत आणायला मला यावंच लागेल."

"टाकी भरून आण," अम्मा म्हणाली. "आणि तुझ्या बापासारखा वळणावर घसरवू नकोस."

दिवसभर मला एकच काळजी. अंगणात ट्रकच्या आकाराची काळी जमीन उघडी पडली होती आणि दुपारपर्यंत तिच्यावर भुरभुर पांढरं यायला लागलं. आज संध्याकाळी ही बाई बाहेर येऊन काय करणार?

अंधारून आलं. दार उघडलं. कोट पायऱ्या उतरला. पॉइंटपाशी लाल दिवा लागलेला होता, त्याला तिने हात लावला नाही. ट्रकच्या जागेवर ती थोडा वेळ उभी राहिली. मग वाकून बर्फातून नारिंगी वायर उचलली, झटकली, आणि रूनाच्या गाडीच्या तोंडाशी प्लग शोधत चाचपडायला लागली. नव्या गाड्यांचा तो कुठेतरी आत दडवलेला असतो. सापडला. लावला.

बोनेटवर हात ठेवला. अजून ऊब यायची होती. तिला घाई नव्हती.