तोंड आईचं, तलवार लेकाची

मी एक जुना गेमपॅड आहे आणि मी रागावलेलो आहे. मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की गळा काढतात, हे मला ठाऊक आहे. मला ते जमणार नाही. कुडाळजवळच्या एका गावात, टीव्हीखालच्या फळीवर माझा मुक्काम असतो. या घरात सगळे मला 'रिमोट' म्हणतात. त्याचा राग मी कधीच सोडून दिला, कारण रागावण्यासारखं दुसरं बरंच आहे.

समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. चार बटणं, दोन दांड्या आणि पोटात एक इवलीशी मोटर. खेळात कुणाला घाव बसला की मोटर फिरते आणि मी थरथरतो. मला बोलता येतं ते एवढंच. या घरचा लेक चंदन याने एमआयडीसीतल्या पहिल्या पगारातून खेळाचं यंत्र घेतलं, त्याच्याबरोबर मी आलो. आणि खेळ तरी कसला, अख्खा मुलूखच तो! डोंगर, रानं, गावं, बाजार, आभाळात आग ओकणारे ड्रॅगन. कुठेही जा, कुणाशीही बोला, घर बांधा नाहीतर तलवार उपसा. "काय पकड आसा रे ह्येची!" असं चंदन माझं कौतुक करायचा आणि ड्रॅगनने गिळलं की मलाच भिंतीवर आपटायचा. माझ्या कुशीला चीर आहे, ती त्याचीच कृपा. मग त्याला पुण्यात नोकरी लागली आणि मी धूळ खात पडलो.

मला उचललं ते त्याच्या आईने, यशोदाने. पुसता पुसता बटण दाबलं गेलं आणि पडद्यावर घोडा उभा राहिला. काजूगर काढून काळी पडलेली तिची बोटं माझ्यावर थबकली ती पुन्हा निघालीच नाहीत. चंदनने फोनवरून तिला सगळं शिकवलं, हे मी नाकारणार नाही. खेळात आपल्या माणसाचा चेहरा आपणच घडवायचा असतो. यशोदाने घडवला तो गोल, सावळा, मागे अंबाडा बांधलेला. "आये, ही तर तूच गो!" म्हणून चंदन फोनवर केवढा हसला होता!

तिची खेळायची रीत वेगळी होती. ती कुणाला मारत नसे. औषधी पाला गोळा करायची, बाजारात विकायची, वाटेत भेटेल त्याच्याशी बोलायची. रानात शिरण्याआधी वेशीवर पावाचा एक तुकडा टाकायची, राखणदाराचा, म्हणजे वेस राखणाऱ्या देवाचा, मान म्हणून. त्या खेळात राखणदार नव्हता, पण ते तिला सांगणार कोण? तिचा नवरा गुरुदास अंगणातून चिडवायचा, "गो, ह्या वयात घोड्यार बसान खंय चललंस?"

"म्हायेराक," ती म्हणायची. "येतास तर बसा पाठीर."

थट्टा असली तरी ते खोटं नव्हतं. तिचं माहेर वालावलचं, खाडीकाठचं. खेळातल्या नदीवरही तिथल्यासारखीच, होडीने पलीकडे नेणारी एक तर होती आणि तिथे होडी घेऊन एक म्हातारा बसलेला असायचा. तो दर वेळी इंग्रजीतलं तेच एक वाक्य म्हणायचा. यशोदा त्याला मालवणीत उत्तर द्यायची, "आबा, बरे आसास मा?" त्या गावातली सगळी माणसं तिला पाहून हात हलवत. बायकोला कुडाळच्या बाजारापलीकडे एकटीला न सोडणाऱ्या घरात ही बाई रोज नदी ओलांडून जात होती, आणि पलीकडे तिला नाव होतं.

मे महिन्यात चंदन सुट्टीवर आला. बरोबर मितेश नावाचा मित्र होता. यशोदा आणि गुरुदास काजू वेचायला बागेत गेले होते. या दोघांनी फणसाचे गरे खाल्ले आणि त्याच चिकट हातांनी मला धरलं. तेवढंच असतं तर मी गिळलंही असतं. पण स्वतःचा खेळ सोडून ते आईचा उघडून बसले. वेशीवरचे पावाचे तुकडे बघून मितेश पोट धरून हसला. मग तरीवर पोचल्यावर म्हणाला, "ह्या म्हाताऱ्याक मारल्यार काय होता, बघूया?"

चंदनने तलवार काढली. मी थरथरलो. जिवाच्या आकांताने थरथरलो! त्यांना वाटलं, खेळाला रंग चढला. म्हातारा पडला, गाव ओरडत पळालं, आणि हे दोन शहाणे संध्याकाळपर्यंत यशोदाचा चेहरा लावून बाजारात धुमाकूळ घालत बसले. आईच्या खेळाची जतन केलेली जुनी नोंद त्याखाली पुसली गेली. माझा आजही तिळपापड होतो.

मितेश गेल्यावर यशोदा खेळायला बसली. बाजारातलं पोर तिला पाहून किंचाळत पळालं. पाववालीने दार लावून घेतलं. तरीवर होडी रिकामी होती. आपलंच काही चुकीचं दाबलं गेलं असं वाटून ती घाबरली. तिच्या तळव्याला सुटलेला घाम मला अजून आठवतो.

"चंदन, हंय ये. ही माणसां माका बघून पळतत कित्याक?"

चंदनने सांगितलं. हसत हसत सांगितलं आणि तिचं तोंड बघून हसायचा थांबला. "आये, गेम आसा गो तो. पुसून टाक. नवीन सुरू करून दितंय."

"तू मारलंस. पण तोंड कोणाचा होता?"

त्याने पडद्यावरच्या अंबाड्याकडे पाहिलं.

"माझा होता. तू पुण्याक जातलंस. माका थंय तोंड दाखवूचा आसा."

एवढ्यात पडद्यावर शिपाई येऊन उभे राहिले आणि इंग्रजी अक्षरं उमटली. तिने ती वाचायला सांगितली. चंदनने खालच्या आवाजात वाचली, "पळ, नायतर लढ, नायतर हात वर कर." मग घाईघाईने म्हणाला, "हात वर करू नको गो. घोडो, घर, सगळा जाताला. कैदेत टाकतले तुका."

"टाकूंदेत," ती म्हणाली, आणि तिचं काळं बोट माझ्या बटणावर टेकलं.

पुढच्या आठवड्यात त्याचा पुण्याहून फोन आला. "आये, सुटलंस काय?"

"सुटलंय," यशोदा म्हणाली. "पण हात अजून कोण हलवणा नाय." फोन ठेवून तिने मला उचललं आणि पडद्यावर ती पायीच बाजाराकडे निघाली.

मित्रांनो, मला पुसू नका, जपू नका, खुशाल आपटा. एक चीर आहे, दुसरी पडेल. पण कुणी विश्वासाने आपलं नाव तुमच्या हाती लागेल असं ठेवलं असेल, तर ते होतं तसं परत करा. तेवढं जमणार नसेल तर हात लावू नका.