मापानं कापलेलं पान

मोठी सांगायची, की तिला धाकट्या बहिणीच्या नोकरीचा, फ्लॅटचा आणि लांबसडक केसांचा कधी हेवा वाटला नाही. खोटं. तिन्हींचा वाटायचा. पण गेलं वर्षभर एका वेलीनं या तिन्हींना मागं टाकलं होतं.

आईनं आपलं घर आवरलं, तेव्हा तिची जुनी मॉन्स्टेराची वेल दोघी लेकींना वाटून दिली. मोठमोठ्या चिरलेल्या पानांचा शेंडा धाकटीला, मुळांचा बुंधा कुंडीसकट मोठीला. आणि स्वतः राहायला गेली धाकटीकडे. "तुझ्या घरात अंधार आहे गं, मला दिसत नाही," एवढंच म्हणाली. मोठीनं ते ऐकलं आणि सपशेल बहाणा ठरवून टाकलं. शेंडा तिला, बुंधा मला. आई तिला, कुंडी मला. हे तिला तोंडपाठ झालं.

धाकटी बापडी साधी. एकटा जीव, ऑफिस आणि घर. दर रविवारी हौसेनं फोटो पाठवायची: नवं पान, दोन्ही बाजूंनी चिरलेलं, मध्ये भोकं, शेजारी आई खुर्चीत पेपर वाचत बसलेली. "ताई, बघ ना, ताटाएवढं झालंय!" मोठी उत्तरादाखल एक अंगठा पाठवायची आणि मग शिवणयंत्राचं पेडल असं दाबायची, की सुई तुटावी.

मोठीचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. लोकांच्या पँटी आखूड करायच्या, चेनी बदलायच्या. घराला धड उजेड देणारी खिडकी एकच, आणि तिच्यासमोर मशीन, कारण काळ्या कापडावर काळा दोरा उजेडाशिवाय दिसत नाही. वेल मागच्या खोलीत, कपाटाशेजारी. तिच्यासाठी मोठीनं काय नाही केलं! काथ्या गुंडाळलेली काठी रोवली, हवेत लोंबणारी मुळं त्या काठीला बांधली, पानं ओल्या फडक्यानं पुसली, मातीत बोट खुपसून बघितल्याशिवाय पाणी घातलं नाही. वेलीनंही पानं दिली, नाही असं नाही. पण सगळी अख्खी, तळहाताएवढी, ढिम्म. नवरा म्हणाला, "छान आहेत की." त्या दिवशी त्याला चहा मिळाला नाही.

एका दुपारी तिचं डोकंच फिरलं. धाकटीच्या फोटोवरून तिनं कागदावर पान उतरवलं, माप लहान केलं, तो कागद आपल्या सर्वांत मोठ्या पानावर ठेवून खडूनं रेघा मारल्या आणि भरतकामाच्या कात्रीनं कापायला घेतलं. हात सराईत. सात चिरा, तीन भोकं. बोटांना चीक लागून खाज सुटली, तरी थांबली नाही. कडा सुकायच्या आत फोटो काढला आणि पाठवला. "आमच्याकडेही!"

धाकटीनं टाळ्या पाठवल्या. आईकडून काहीच आलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आईच आली, हातात बॅग घेऊन.

"कुठंय ती?" चप्पल काढता काढता आईनं विचारलं.

मोठीनं मागच्या खोलीकडे बोट दाखवलं. आई चाचपडत मागच्या खोलीत गेली आणि पानाच्या कडेवरून बोट फिरवू लागली. कड तपकिरी झाली होती, हात लागला की चुरत होती.

"कात्री लावलीस?"

"लावली!" मोठी फुटलीच. "काय करू मग? शेंडा तिला दिलास, मला खोड. वर स्वतःही तिच्याकडेच गेलीस. लहानपणापासून हेच चाललंय!"

आई पलंगावर टेकली. "अगं, उजेड मिळाला तरच या वेलीचं पान चिरतं. फोटो बघितला आणि मला वाटलं, तू मशीन हलवलंस. खिडकीशी माझ्यापुरती जागा केलीस. म्हणून सगळं सामान भरून आले." तिनं बॅग जवळ ओढली. "असू दे. दिवसाउजेडी परत जाते. अंधार पडला की मला तिच्याकडचा जिना चढता येत नाही."

मोठीनं बॅगेकडे पाहिलं. चेन लागता लागत नव्हती, इतकी भरलेली.

"बस तिथंच," ती म्हणाली.

नवऱ्याला हाक मारायचंही तिला सुचलं नाही. एकटीनं मशीन ढकलत भिंतीच्या कोपऱ्यात नेलं, वर दिवा ओढून घेतला. हातातली काळी पँट आता डोळे फोडत शिवावी लागणार होती. खिडकीशी खुर्ची मांडली. आई बसली, पेपर उघडला आणि वाचायला लागली.

तेवढ्यात धाकटीचा फोन. "नाही गं, मी राहतेय इथंच," आई म्हणाली, मग नुसतीच ऐकत राहिली आणि फोन मोठीच्या हातात दिला.

"ताई," पलीकडे रडू आवरत नव्हतं, "मग मी संध्याकाळी घरी येऊन बोलू कुणाशी?"

धाकटीचा हाच आवाज ऐकायला मोठी वर्षभर टपली होती. मशीनवर बसल्या बसल्या किती उत्तरं तयार ठेवली होती, एकाहून एक झोंबणारी. पण आई गेल्यापासून अशाच संध्याकाळी तिनं स्वतःही काढल्या होत्या.

"रडू नकोस," ती म्हणाली. "ऑफिसातून सरळ इकडेच ये. रोज ये. पण फोटो दाखवत बसायचं नाही, आत्ताच सांगून ठेवते."