दोर कुणाच्या हाती

पत्र्याच्या टेबलावर मधली, सगळ्यांची सामाईक, तीन पानं उलटली. त्यांत राणी दिसली, तसे रंगाऱ्याने आपले दोन पत्ते अंगठ्याने जरासे उचलून पुन्हा पाहिले. एक राणी त्याच्याकडे होती. जोडी झाली.

पैशांऐवजी लोखंडी वॉशर लावत; त्याच्यापुढे चौदा वॉशर उरले होते, चौघांत सगळ्यांत कमी. जेवणाच्या सुट्टीतला हा शेवटचा डाव. भोंगा वाजला की ज्याच्याकडे सगळ्यांत कमी वॉशर, त्याने उद्या दोराला टांगलेल्या पाळण्यात बसून कारखान्याची चिमणी रंगवायला वर जायचं. ज्याच्याकडे सगळ्यांत जास्त, त्याने खाली उभं राहून त्याचा दोर धरायचा. मिस्त्रींचा हा नियम जुना होता आणि त्यावर कुणी कुरकुर करत नसे.

मागच्या महिन्यात अर्ध्या चिमणीवर रंगाऱ्याचे पाय लटपटले होते. पोटात कळ आली असं सांगून तो खाली उतरला. खरं त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं.

वेल्डरने दोन वॉशर टाकले.

"बोल रे."

इथे किती लावायचे ते ठरलेलं: आधी दोन-दोन, चौथं पान उघडलं की चार-चार. मनाला येतील तेवढे ओतून समोरच्याला घाबरवायची सोय नाही. राणीची जोडी आत्ता पुढे असेल, पण अजून दोन पानं यायची होती, आणि तिघांपैकी कुणालाही हवं ते पान लागलं की खेळ खलास. आत्ता दुप्पट केले तर चार होतील. चारला कुणी पत्ते टाकणार नाही. चौथ्या पानावर आठ होतील. आठ म्हटल्यावर माणूस विचार करतो. त्याने मुकाट्याने दोन टाकले. दाजींनी टाकले, मिस्त्रींनी टाकले.

चौथं पान दुर्री निघालं. कुणाच्या कामाचं दिसत नव्हतं. वेल्डरने चार टाकले. रंगाऱ्याने आठ पुढे सरकवले.

"अरे बापरे!" दाजी हसले. ते त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. या कामावर त्याला त्यांनीच चिकटवलं होतं. "आमच्या मेहुण्याला आज चेव चढलाय. मी नाही बाबा."

त्यांनी पत्ते पालथे टाकले. मिस्त्रींनीही टाकले. वेल्डर तेवढा आणखी चार टाकून राहिला.

शेवटचं पान नव्वी आलं. दोघांनीही आणखी काही लावलं नाही. वेल्डरची जोडी लहान निघाली, आणि मधला सगळा ढीग रंगाऱ्याने ओढला. मधल्या पानांत आता दोन नव्व्या होत्या. दाजींनी टाकलेले पत्ते सुलटे केले. त्यांत तिसरी होती.

"राहिलो असतो तर जिंकलो असतो की! पळवलंस रे मला."

भोंगा वाजला. वेल्डरकडे पंधरा, मिस्त्रींकडे पंधरा, दाजींकडे चौदा. रंगाऱ्याकडे छत्तीस.

"एका वॉशरने गेलो," दाजी डबा बंद करत म्हणाले. "असू दे. दोर तुझ्याकडे आहे, मग मला कसली काळजी? तुझ्या ताईलाही सांगतो, निर्धास्त राहा म्हणून."

रंगाऱ्याचे हात केव्हाचे टेबलाखाली होते.

"मिस्त्री," तो म्हणाला, "दोर मला देऊ नका."

"का रे?"

त्याने दोन्ही हात वर काढून टेबलावर ठेवले. हातांखालचा पत्रा थरथरला आणि छत्तीस वॉशर खुळखुळू लागले.