काकड्या, बॅटऱ्या आणि माझी दोन चाकं

मित्रांनो, माझ्या वयाच्या वस्तूला आयुष्याची हकीकत विचारायला सहसा भंगारवालाच येतो, आणि तोही वजन कळल्यावर पुढचं ऐकत नाही. तुम्ही ऐकताय, तर सांगते. मी एक जुनी हातगाडी आहे. दोन चाकं, एक उंच दांडा, खाली सामान टेकवायला आडवी पट्टी, की संपलं माझं शरीर. युक्रेनमध्ये माझ्या जातीला क्रावचुच्का म्हणतात. हे नाव त्या काळच्या राष्ट्राध्यक्षांवरून पडलं. ते प्रेमापोटीच पडलं, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

मी जन्मले त्या कारखान्यात आधी क्षेपणास्त्रांची नळकांडी बनत. मग मोठा देश फुटला आणि क्षेपणास्त्रांना गिऱ्हाईक उरलं नाही. तेव्हा त्याच इंजिनिअरांनी, त्याच गंभीर चेहऱ्यांनी, त्याच नळ्या वाकवून हातगाड्या करायला घेतल्या. मला बाहेर पाठवण्यापूर्वी माझी कसून चाचणी झाली. मी आकाशात जाणार नाही याची बहुधा त्यांना अजून खात्री पटली नव्हती.

मला झोया मावशीनं बाजारात विकत घेतलं. ती तेव्हा साखर कारखान्याच्या खानावळीत स्वयंपाकीण होती. पगार कधी पैशात मिळे, कधी साखरेत, आणि साखरेचा पगार घरी आणायला मी लागे. बटाट्यांची पोती, कोबी, एकदा जिवंत डुकराचं पिल्लू, मुलीच्या लग्नासाठी घेतलेलं शिवणयंत्र, सगळं मी वाहिलं. शेजारणी मला मागायला येत आणि मावशी मला कुणाला देत नसे. तो माझा सुखाचा काळ होता.

पुढे मावशीच्या मुलीचं, यारिनाचं, लग्न झालं आणि जावई मोटार घेऊन आला. मी गोठ्यामागे गेले. कोंबड्या माझ्यावर बसू लागल्या. याबद्दल मी जावयाला दोष देत नाही. तो मावशी देत होतीच. ओस्ताप त्याचं नाव. शहरात कॉम्प्युटर दुरुस्त करायचा आणि सुट्टीला आला की त्याच कॉम्प्युटरवर बसून विमानं उडवायचे खेळ खेळायचा. मावशी बटाटे खणताना कमरेवर हात ठेवून यारिनाला म्हणायची, "तुझ्या नवऱ्याला विचार, विमान उतरलं असेल तर एक पोतं उचलशील का म्हणून."

मग युद्ध आलं. यारिना लेकरांना घेऊन पश्चिमेला गेली. मावशी गेली नाही. बटाटे कोण काढणार, हे तिचं कारण होतं आणि ते तिला पुरत होतं. ओस्ताप सैन्यात गेला. त्याला काय येतं असं विचारल्यावर त्यानं जे खरं ते सांगितलं, आणि त्याच्या हातात ड्रोन उडवायची पेटी आली. फिरत फिरत त्याची तुकडी आमच्याच गावाशी येऊन ठेपली. गावापलीकडे झाडांची रांग संपते तिथल्या एका पडक्या घराच्या तळघरात तो आणि त्याचे सोबती राहू लागले. सासुरवाडीच्या इतक्या जवळ नेमणूक व्हावी, अशी त्यानं मागणी केलेली नव्हती.

आता युद्धाच्या डावपेचांविषयी थोडं सांगायला हवं, कारण माझं भाग्य त्यांच्याशी बांधलेलं आहे. सुरुवातीला दारूगोळा मोठ्या ट्रकांतून जाई. मग शत्रूच्या ड्रोनना ट्रक दिसू लागले. म्हणून छोट्या गाड्या आल्या, त्या भरधाव जात. त्याही दिसू लागल्या. मग ड्रोनचा संदेश तोडणारी यंत्रं आली. तेव्हा शत्रूनं आपल्या ड्रोनच्या शेपटीला केसासारखा बारीक काचेचा धागा बांधला. त्यातून जाणारा संदेश त्या यंत्रांना तोडता येत नाही. शेतं त्या धाग्यांनी चमकायला लागली. मग आमच्या लोकांनी आख्ख्या रस्त्यावर जुनी मासेमारीची जाळी ताणली, मांडव घालावा तशी. दूरदूरच्या समुद्रावरच्या कोळ्यांनी ती पाठवली होती आणि त्यांना अजून वास होता. गावातली मांजरं तासन्‌तास वर बघत बसत. शेवटी चाकांवर आपला आपण चालणारा एक रोबो आला. त्याचं गावात स्वागत झालं, फोटो निघाले, आणि तो चिखलात रुतला तो रुतलाच.

थोडक्यात, युद्धशास्त्रानं एवढी प्रगती केली, की अखेर त्याला माझी गरज पडली.

मला न्यायला आला तो रसद पोचवणारा मिकिता. सैन्यात त्याला भोपळा म्हणत. आमच्याकडे मुलीला स्थळ पसंत नसलं की ती नवऱ्या मुलाच्या हातात भोपळा ठेवते आणि विषय संपतो. याच्या हातात दोनदा ठेवला गेला होता. दोन्ही भोपळे चवीला चांगले निघाले, एवढंच तो त्याबद्दल सांगे.

"मावशी, ती गोठ्यामागची गाडी द्याल का?"

"का रे, रणगाडे संपले?"

"रणगाडा दिसतो. त्याचं इंजिन तापतं, तेही दिसतं. ही तापत नाही."

मावशीनं माझ्यावरची कोंबडी हाकलली. "बटाटे काढायच्या आधी परत पाहिजे," ती म्हणाली. "आणि बरण्याही."

"कुठल्या बरण्या?"

"आता नेशील त्या."

बरण्यांचं तुम्हाला सांगायला हवं. खारवलेल्या काकड्या आमच्याकडे मोठ्या काचेच्या बरणीत घालतात. काकड्या कुणालाही मिळतात. बरणी मात्र परत करावी लागते, आणि न करणाऱ्याची आठवण गावात त्याच्या मरणानंतरही निघते. भोपळ्याला तोफगोळ्यांचं भय वाटत नसे, पण बरण्या नेताना तो त्यांना स्वेटरात गुंडाळी.

आमची वाट धुक्याची. धुकं उतरलं की ड्रोन आंधळे होतात, आणि भोपळा मला ओढत जाळ्यांखालून तळघराकडे निघे. आता सांगते त्या सकाळीही दाट धुकं होतं. ओस्तापच्या तळघरापुढे, उघड्या माळावर, एका खंदकात दोन शिपाई होते, झाखार आणि यूर्को. त्यांच्यापर्यंत माणूस पोचत नव्हता. पाणी, पाव, गोळ्या, सगळं ओस्तापचा मोठा ड्रोन नेऊन टाकायचा. दोन दिवस तो उडाला नव्हता, कारण बॅटऱ्या संपल्या होत्या. खंदकातल्या गोळ्याही संपत आल्या होत्या. आणि धुकं दोन्ही बाजूंना सारखंच असतं. त्याच्या आडोशानं शत्रूची माणसं दोघातिघांनी सरकत जवळ येत होती. धुकं उठायच्या आत बॅटऱ्या तळघरात पोचणं, एवढंच त्या दिवशीचं काम होतं.

भोपळ्यानं मावशीच्या अंगणात माझ्यावर सामान बांधलं. खाली गोळ्यांच्या पेट्या, वर बॅटऱ्यांची काळी बॅग. तेवढ्यात मावशीनं त्याला सूप प्यायला आत नेलं, कारण रिकाम्या पोटी तिच्या दारातून कुणी गेलेलं नव्हतं. त्याच्यापुढे वाडगा ठेवून ती बाहेर आली. माझ्याकडे पाहिलं. काकड्यांना जागा नव्हती. तिनं काळी बॅग उचलली, चाचपली, आत जावयाच्या कॉम्प्युटरचं काहीतरी सटरफटर दिसतंय असं ठरवलं, ती बाकाखाली सरकवली, आणि तिथे दोन बरण्या आणि खारवलेल्या चरबीचा मोठा तुकडा नीट बसवून वर चौकटीचं कापड घट्ट आवळलं. उपाशी माणूस लढणार कसा, हा तिचा मुद्दा होता, आणि तो मलाही पटण्यासारखा वाटला. पण पटला म्हणून बॅटऱ्या होत नाहीत. मी ओरडले असते, पण आम्हाला तोंड नसतं.

तळघरात भोपळ्यानं कापड सोडलं, तर बॅटऱ्यांच्या जागी काकड्या. ओस्तापनं एक बरणी उचलून उजेडात धरली. मग त्यानं रेडिओ घेतला आणि मावशीच्या अंगणात बसणाऱ्या शिपायाला सांगितलं, सासूबाईंना द्या.

"आई, काळी बॅग कुठंय?"

"बाकाखाली. का रे? काकड्या पोचल्या ना?"

"पोचल्या. आई, त्या बॅगेशिवाय पुढच्या दोघांना गोळ्या नेता येत नाहीत."

पलीकडे बाक सरकला, बादल्या वाजल्या. मग शिपायाचा आवाज आला. मावशी निघाल्या, असं तो म्हणाला. थांबवत का नाहीस, असं ओस्तापनं विचारलं. त्यावर, तुम्ही त्यांचे जावई आहात, तुम्हीच थांबवून बघा, असं उत्तर आलं.

भोपळ्यानं मला रिकामी केली आणि आम्ही धावत सुटलो. जाळ्यांच्या मांडवात अर्ध्या वाटेवर धुक्यातून ती येताना दिसली. खांद्यावर विहिरीवरून पाणी आणायची कावड, दोन्ही बादल्यांत वाटून ठेवलेल्या बॅटऱ्या, त्यांवर ओल लागू नये म्हणून तिचा ठेवणीतला रुमाल. धापा टाकत होती, पण कावड हलत नव्हती. भोपळ्यानं बॅटऱ्या माझ्यावर बांधल्या आणि तिला परत जायला सांगितलं.

"तू ओढ," ती म्हणाली. "मी ढकलते. बोलण्यात वेळ घालवू नकोस."

धुकं विरळ व्हायला लागलं होतं. थोडं पुढे गेलो आणि बाजूच्या शेतातून भुणभुण आली. रस्त्याकडेला दबा धरून बसलेला एक ड्रोन उठला होता. दोघं खाली बसली, मला आडवी केली. तो जाळ्याच्या कडेकडेनं फिरला, एका जागी भोक शोधत घुसला, आणि पंख्यांसकट अडकला. वर नुसता तडफडू लागला.

"मासा लागला," मावशी म्हणाली, आणि जवळून बघायला निघाली. भोपळ्यानं तिला दंडाला धरून पळवलं. आम्ही बरंच पुढे गेल्यावर मागे धमाका झाला.

तळघराशी पोचलो तेव्हा समोरची झाडं दिसू लागली होती. ओस्तापनं सासूला नमस्कारही केला नाही. बॅटऱ्या बसवल्या, गोळ्यांची आणि पाण्याची गाठोडी बांधली, आणि मोठा ड्रोन गेला. मावशी त्याच्या मागे उभी राहून छोट्या पडद्याकडे बघत होती. मी दारातून तिला बघत होते. पडद्यावर माळ सरकला, काळा खंदक आला, गाठोडं पडलं, आणि एका हातानं ते आत ओढलं. दुसरं पडलं. तेही गेलं. मग धुकं उठलं. खंदक रिकाम्या हातांचा असेल असं धरून जे पुढे आले होते, त्यांना खंदकानं उत्तर दिलं, वरून ओस्तापनंही दिलं, आणि ते मागे फिरले. यापेक्षा जास्त तपशील मी सांगणार नाही. तो मलाही नको आहे.

रेडिओवर झाखारचा आवाज आला. दोघं ठीक आहेत, म्हणाला. तेव्हा कुठे ओस्ताप खुर्चीत मागे टेकला.

मावशीनं विचारलं, "हे तू रोज करतोस?"

"हो, आई."

"बसून बसून पाठ धरत असेल."

ओस्तापनं तिच्याकडे वळून पाहिलं. इतक्या वर्षांत तिनं त्याच्या बसण्याची चौकशी प्रथमच केली होती.  मग तिथल्या बॅटऱ्यांपैकी कुठली कशाची, हे तिनं एकेक हातात घेऊन विचारलं आणि दोनदा म्हणून घेतलं.

त्यानंतर माझ्यावर सामान मावशीच बांधते. भोपळ्याला हात लावायची परवानगी नाही. बॅटऱ्या आधी, गोळ्या मग, आणि काकड्यांना जागा उरली तरच काकड्या. उरतेच, कारण ती बांधते.

पुढच्या मोठ्या धुक्यात खंदकातल्या दोघांची बदली झाली. यूर्को चालत आला. झाखारचे पाय ओलीत राहून सुजले होते, बूट चढत नव्हते. भोपळ्यानं त्याला माझ्यावर बसवलं. मित्रांनो, मी माणूस कधी वाहिला नव्हता. माझी पट्टी वाकली, डावं चाक कुरकुरलं, आणि मी सगळ्या आयुष्यात आले नाही इतक्या हळू त्या जाळ्यांखालून आले. वाटेत झाखार माझ्या आवाजाबद्दल तक्रार करत होता. मावशी अंगणात उभी होती.

"मावशी, हिला तेल घाला हो," तो म्हणाला. "हिच्या कुरकुरीनं मी मरायचो."

"घालते," मावशी म्हणाली. "आधी तू सूप पी."

त्याला घरात नेलं आणि मग खरंच ती तेलाचा डबा घेऊन आली, माझ्यापाशी उकिडवी बसली, आणि दोन्ही चाकं फिरवून फिरवून तेल मुरवलं. माझी पट्टी अजून वाकडी आहे. ती सरळ करू नकोस, असं तिनं भोपळ्याला सांगितलंय.

तुमच्या घरातही एखादी जुनी वस्तू कोपऱ्यात उभी असेल. तिच्यावर कोंबड्या बसू देऊ नका, एवढंच मागते. अधूनमधून तेल घाला. आणि दुसऱ्यानं बांधलेलं सामान सोडण्यापूर्वी, काकड्या कितीही चांगल्या असल्या तरी, एकदा विचारा.