अंड्यांचं गंगास्नान

वासुदेव मास्तरांच्या घराण्यात पिढ्यानपिढ्या एकच काम चालत आलं होतं. देशावरून, कोकणातून आलेल्या यात्रेकरूंना अमृतराव घाटाजवळच्या घरी उतरवून घ्यायचं, गंगास्नान घालायचं आणि निघताना पाठीवर हात ठेवून म्हणायचं, "यात्रा सुफळ झाली." हे म्हटल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही. वाटेत खिसा कापला गेला असो, सासूबाई गर्दीत हरवलेल्या असोत, यात्रा सुफळच. यजमानाला दुसरं काही सांगायची पद्धत नाही.

मास्तरांनी हा व्यवसाय सोडला, इंटर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर ते कासवांच्या मागे लागले. इंदूकाकू आल्यागेल्याला सांगायच्या, "ह्यांचे बाप-दादे माणसांना तारायचे. हे कासवांना तारतात. कासवाला पोहता येतं, हे ह्यांना अजून कोणी बतवलं नाही."

त्या वर्षी, म्हणजे पंच्याण्णव साली, रामनवमीच्या सुमाराला एका कासविणीने पैलतीरावर, रामनगरच्या बाजूच्या वाळूत अंडी घातली. नदीत कासवांसाठी सरकारने अभयारण्य केलं होतं, पण ही जागा त्याच्या हद्दीच्या थोडी बाहेर पडली. हद्दीची पाटी हिंदीत होती. बहुधा तिला वाचता आली नसावी. तेवढ्याच पट्ट्यातली वाळू उचलायचा ठेका वेणीमाधव सिंह नावाच्या गृहस्थाला मिळायचा होता.

मास्तर जंगलखात्याच्या साहेबाकडे चकरा मारून आले. साहेब सज्जन होता, म्हणजे त्याने खुर्ची दिली. म्हणाला, "मास्टर साहब, यहाँ कछुए होते हैं, ऐसा सब बोलते हैं. मुझे एक बच्चा निकलता दिखा दीजिए. एक. मैं ठेका रुकवा दूँगा. नहीं तो जेठ की पूनम के बाद मेरे हाथ में कुछ नहीं."

म्हणजे सगळं त्या एका खड्ड्यावर येऊन ठेपलं. मास्तर दिवसभर तिथे गवताच्या झोपडीत बसत आणि कुत्रे, कावळे हाकलत. रात्री दिनानाथ मल्लाह झोपायला येई. त्याची होडी होती आणि वाळूत काकड्यांचा वाफा होता.

अशात पुण्याच्या एका संस्थेने 'सहकुटुंब सेवा-सहल' काढली. सकाळी वन्यजीवांची सेवा, संध्याकाळी वस्तीची सेवा, मधल्या वेळात विश्वनाथाचं दर्शन. मास्तरांच्या घरी एक कुटुंब आलं. श्रीनिवास बँकेत होते, नीरजाताई शाळेत शिकवत, आणि अंतरा सहावीतून सातवीत गेली होती. माणसं लाखात एक. उन्हाळ्याच्या सुटीत लोक महाबळेश्वरला जातात. ही मंडळी रजा घेऊन, डोक्यावर पांढऱ्या टोप्या घालून, चटके देणाऱ्या वाळूत येऊन बसली होती. मास्तरांना भरून आलं. एवढी वर्षं लोक या घरी स्वतःच्या पितरांसाठी यायचे. कासवासाठी कोणी प्रथमच आलं होतं.

वस्तीची सेवाही जोरात झाली. नीरजाताईंनी मल्लाहांच्या, म्हणजे नावाड्यांच्या, मुलांना जेवणाआधी हात धुवायला शिकवलं. मुलांनी ते आनंदाने गंगेत धुतले. श्रीनिवासांनी बचतीचं महत्त्व सांगितलं आणि मल्लाहांनी ते मन लावून ऐकलं, कारण त्या दिवशी कोणालाच सवारी मिळाली नव्हती. मग सगळ्यांनी मिळून एका भिंतीवर 'नदी आपली माता' असं सुरेख अक्षरात मराठीत रंगवलं. वस्तीत वाचता येणारा एक म्हातारा होता. त्याने 'माता' एवढं वाचलं आणि हात जोडले.

अक्षय्य तृतीयेच्या सकाळी साहेबाचा निरोप आला, ताबडतोब कचेरीत या. मास्तर दिनानाथच्या होडीत चढता चढता म्हणाले, "श्रीनिवासराव, तुम्ही फकत बसा. कुत्तं आलं तर हाकला. बाकी काही म्हणजे काही करू नका."

"निर्धास्त जा हो काका," श्रीनिवास म्हणाले.

दुपार कलल्यावर मास्तर परतले ते खुशीत. साहेबाने स्वतः पौर्णिमेला येऊन बसायचं कबूल केलं होतं. किनाऱ्याला लागायच्या आतच नीरजाताई हात हलवत पुढे आल्या. त्यांचा चेहरा उन्हाने आणि पुण्याने लाल झाला होता.

"काका, बरं झालं आम्ही होतो! अहो, लाल मुंग्या! रांगच्या रांग!"

"कुठे?"

"त्या खड्ड्यापाशी. मी ह्यांना म्हटलं, बघत काय बसायचं? सगळी अंडी अलगद काढली."

मास्तर होडीतून उतरत होते. त्यांचा एक पाय पाण्यात राहिला.

"आणि किती घाण होती हो त्यांच्यावर! चिकट वाळू. मग एकेक गंगेत धुतलं. आजचा दिवस पण असा, म्हटलं चला, जन्माला यायच्या आत गंगास्नान! नव्या पंच्याने पुसली. कुंकवाचं बोट लावलं. आजच्या दिवशी केलेलं क्षय पावत नाही, हो ना?"

"मग?" मास्तरांनी विचारलं.

"मग नवा खड्डा खणला आणि परत ठेवली. अगदी ओळीत."

"कोणती बाजू वर?"

या प्रश्नाचं उत्तर अंतराने दिलं. "काका, आत कशीही पडली होती. काही तर उभी होती. मी सगळी आडवी केली. छान दिसतायत."

आता, कासवाच्या अंड्यातला जीव सुरुवातीला कवचाच्या वरच्या बाजूला आतून चिकटून असतो. अंडं फिरलं की तो सुटतो, आणि सुटला की संपलं. कोंबडी अंडी उलटते म्हणून वाढतात, कासवाची उलटली म्हणून मरतात. मास्तरांनी हे तीस वर्षं शिकवलं होतं. या कुटुंबालाही पहिल्या दिवशी ते खूप काही बोलले होते, कूर्मावतारापासून सुरुवात करून. एवढंच राहिलं होतं, कारण अंड्यांना कोणी आंघोळ घालील असं एकाही पाठ्यपुस्तकात नव्हतं.

तिघंही त्यांच्याकडे बघत उभी होती. नीरजाताईंच्या हातात ओला पंचा होता.

"छान केलंत," मास्तर म्हणाले.

दिनानाथ होडी बांधत हळूच म्हणाला, "मास्टर साहब, आपने बोला था न, कुछ मत करना. ये लोग कुछ न करने का टिकट कटाके थोड़े ही आए हैं."

रात्री इंदूकाकूंनी जेवण वाढलं. मास्तरांनी आमरसाला हात लावला नाही तेव्हा त्या समजल्या. पाहुणे गच्चीवर गेल्यावर म्हणाल्या, "सांगून टाका ना त्यांना. लहान आहेत का?"

"काय सांगू? तुम्ही मारलीत?"

"पुढच्या वेळी तर नाही करणार."

"इंदू, यजमान आहेत आपले. आणि एखादं वाचेल. एखाददुसरं न उलटता जसंच्या तसं ठेवलं गेलं असेल. साहेबाला एकच हवंय."

"ती पोरगी नीटनेटकी आहे हो," काकू म्हणाल्या. "तिने एकही सोडलं नसेल."

दोन दिवसांनी मंडळी निघाली. रिक्षात सामान चढलं. श्रीनिवासांनी वाकून नमस्कार केला, नीरजाताईंनी केला, मग अंतरा वाकली आणि वाकूनच राहिली.

"काका, ते म्हणा ना. तुमचे आजोबा म्हणायचे ते."

मास्तरांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "सुफळ झाली, बेटा."

पुढे मास्तर त्या खड्ड्याजवळ पूर्वीसारखेच बसत राहिले. फरक एवढाच की कुत्रं आलं तरी ते चटकन उठत नसत. कुत्रंही वास घेऊन निघून जाई, आणि ते मास्तरांना जास्त लागे. ज्येष्ठ चढला. वाळूवर पाय ठरेना. पुण्याहून नीरजाताईंचं कार्ड आलं: 'पिल्लांना आमचे अनेक आशीर्वाद. पुढल्या वर्षी माझ्या बहिणीचं कुटुंबही येणार आहे. तिला स्वच्छतेची माझ्याहून जास्त आवड.'

पौर्णिमेला साहेब खरंच आला. छत्री उघडून दिवसभर बसला, दिनानाथच्या काकड्या मीठ लावून खाल्ल्या. संध्याकाळी म्हणाला, "खोलके देखें?"

मास्तरांनी स्वतः वाळू बाजूला केली. अंडी ओळीत होती, एकही ओळ मोडलेली नव्हती. एक फोडलं. दुसरं फोडलं. मास्तर शेवटपर्यंत फोडत गेले, आणि साहेबाने चौथ्यानंतर नाकावरचा रुमाल काढला नाही.

"ये लाल निशान क्या है?" त्याने रुमालातून विचारलं. "कोई साइंटिफिक तरीक़ा?"

"हाँ," मास्तर म्हणाले. "हमारे तरफ़ की पद्धति है."

साहेबाने ते लिहून घेतलं. जाताना मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला, खुर्ची देणाऱ्या माणसाला शक्य होतं तेवढ्या मायेने.

चार दिवसांत ट्रक आले. पूर यायच्या आत निघेल तेवढी वाळू काढायची होती. वेणीमाधव सिंह भाविक माणूस. नारळ, अगरबत्ती, पेढे सगळं बरोबर घेऊन आला होता. फक्त ब्राह्मण आणायचा राहिला होता. मास्तर झोपडीचं गवत सोडवत होते, ते त्याला दिसले.

"अरे, मास्टर साहब! आप तो तीर्थपुरोहितों के घर के हैं. हमारा भाग्य देखिए! एक बार सुफल बोल दीजिए, काम में कोई विघ्न न आए."

दिनानाथ होडीतून ओरडला, "मास्टर साहब, चलिए, देर हो रही है!"

पण वेणीमाधव आधीच वाकला होता. रुंद पाठ, पांढरा सदरा, मधोमध घामाचा डाग. वाकलेल्या पाठीसमोर त्या घराण्यातला माणूस काय करतो, हे पिढ्यानपिढ्या ठरलेलं होतं. मास्तरांनी हात ठेवला.

तेवढ्यात पहिला ट्रक घरघरत मागे आला, जिथे खड्डा होता तिथवर. त्यामुळे ते काय म्हणाले हे दिनानाथला ऐकू आलं नाही. पण वेणीमाधव समाधानाने उठला आणि त्याने पेढा पुढे केला, त्यावरून म्हणाले असावेत.