दगडाचा श्वास

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि पांढऱ्या चुन्याचा एक चौक समोर आणा. मधोमध पुरुषभर उंचीचा दगड, त्यावर कोरलेला आपला राजा चान तोक. आपल्याकडे राजाचा दगड श्वास घेतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्याच्या नाकापुढे रोज धूप जळतो तो त्यासाठीच. नाक फोडलं की राजेपण संपलं, मग माणूस कुठेही जिवंत असो.

चान तोकने तरुणपणीच मोठं तळं खणून घेतलं आणि दुष्काळात सगळ्यांना पाणी पाजलं. पूर्वेच्या राजाने खंडणीत कोकोच्या बिया मागितल्या, तर म्हणाला, "आमच्या पोरांना प्यायला लागतात." त्या राजापुढे त्याने जन्मात नाक घासलं नाही. शेवटी लढाई झाली, हरला, आणि त्याला दोरीने बांधून नेलं.

मग पूर्वेचा सरदार चौकात आला. जिच्यावर फक्त राजाने बसायचं, ती चटई त्याने शिपायाकडून गुंडाळून घेतली. राजाची लहानगी मुलगी निक, तिच्या हातात त्याने दगडी हातोडा दिला.

"घाव पोटच्या पोरीचाच हवा. नाक फोड, बाप सोडतो."

"राजा म्हणून?" निकने विचारलं.

"पाणक्या म्हणून. जिवंत असेल, पुरे झालं."

शिपाई हसला. "नाक आहे की डोंगर! एका घावात निघेल."

"तुमच्या राजाचं शोधावं लागतं म्हणे," निक म्हणाली. "शिंक आली की बिचारा चाचपडत बसतो."

गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं.

तो दगड घडवणारा म्हातारा तुकून पुढे झाला. "बाळ, बाप परत मिळतोय. फोड. मी दुसरा कोरीन."

"पाणक्याचा दगड कोरतात का, आजोबा?"



निक दगडाखालच्या ओट्यावर चढली. बापाच्या दगडी चेहऱ्याकडे खूप वेळ बघत राहिली. मग हातोडा खाली ठेवला, दगडाच्या नाकाला नाक लावलं आणि धुरासकट लांब श्वास आत ओढला. गाल फुगले, ओठ घट्ट मिटले.

"हे काय चाललंय?" सरदार ओरडला.

"श्वास तिनं घेतला," तुकून म्हणाला. "आता खुशाल फोडा. नुसता दगड आहे तो."

निक गाल फुगवूनच खाली उतरली, शिपायाच्या काखेतली चटई ओढून घेतली, चौकात अंथरली आणि तिच्यावर मांडी घालून बसली.