आत्याची उरलेली वर्षं

अंदाजपत्रकाच्या एकशे बारा ओळी मी डोळे मिटून भरते. एकशे तेराव्या ओळीशी मात्र दरवर्षी माझं गाडं अडतं. त्या ओळीत माझी आत्या अजून किती वर्षं जगेल, ते लिहायचं असतं.

दोष माझाच. एकोणीस वर्षांपूर्वी या खासगी विद्यापीठात वित्त अधिकारी म्हणून नवी नवी रुजू झाले होते, तेव्हा उत्साहाच्या भरात मीच आत्याला गळ घातली. तिनं नुकतंच औषधांचं दुकान विकलं होतं. ते पैसे तिनं विद्यापीठाला द्यायचे, विद्यापीठानं ती असेपर्यंत तिला दरवर्षी ठरावीक रक्कम द्यायची, आणि मागे उरेल ते कायम निधीत जायचं. आयुर्मानाचा तक्ता सांगत होता, पंच्याहत्तरीच्या बाईला अजून अकरा वर्षं. आत्या आता चौऱ्याण्णव वर्षांची आहे आणि सुईत दोरा स्वतः ओवते. तिचे पैसे केव्हाच संपले. आता तिची रक्कम कायम निधीच्या व्याजातून जाते, आणि गरजू मुलांची फीमाफीही त्याच व्याजातून होते.

यंदा ऑडिटर अडून बसले. "मॅडम, दरवर्षी एकच वर्ष दाखवून कसं चालेल? या वयाला तक्ता तीन म्हणतो. तिन्ही वर्षांचे पैसे आत्ताच बाजूला काढा."

एका वर्षाचे पैसे म्हणजे दोन मुलांची फी. एकाऐवजी तीन लिहिले, तर चार मुलं फीमाफीच्या यादीतून जाणार. यादी मी केली होती. त्या चौघांच्या मुलाखतींना मीच बसले होते, आणि एकीला तर मी चक्क सांगून टाकलं होतं, की काळजी करू नकोस.

कुलसचिवांनी मला केबिनमध्ये बोलावून दार लोटलं.

"आत्यांची तब्येत कशी असते हल्ली?"

"ठणठणीत."

"अरे वा," ते म्हणाले, पण आवाजात आनंद काही नव्हता. मग घसा खाकरून म्हणाले, "डॉक्टरांचं तसं काही पत्र असलं, तर ऑडिटर एक वर्ष मान्य करतील. शुक्रवारच्या बैठकीआधी बघा."

मंगळवारी आत्याचा फोन आला. ती खोकत होती. त्या वेळी माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, ते मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. दोन रात्री मला धड झोप लागली नाही, आणि माझी मलाच किळस येत होती.

गुरुवारी ऑफिसातून लवकर निघून मी तिच्याकडे गेले. दार तिनंच उघडलं. गळ्याभोवती मफलर होता.

"आज कशी काय वाट चुकलीस? अंदाजपत्रकाचे दिवस ना तुझे?"

"फोनवर तुझा खोकला ऐकला. म्हटलं, बघून यावं."

खुर्चीपर्यंत जाताना ती तीनदा खोकली. मी मोजलं.

"काल जाऊन आले डॉक्टरांकडे," ती म्हणाली. "छातीचा फोटो काढला त्यांनी."

"काय म्हणाले? लिहून वगैरे दिलंय का काही?"

"लिहून कशाला देतील? साधी सर्दी आहे. छाती एकदम साफ. म्हणाले, आजी, तुम्ही आरामात शंभरी गाठाल."

माझ्या डोळ्यांपुढे ती चार मुलं उभी राहिली.

आत्यानं चाळीस वर्षं दुकानात बसून गिऱ्हाइकांचे चेहरे पाहिले होते. चिठ्ठी हातात घेण्याआधीच तिला कळायचं, घरात काय चाललंय ते. तिनं चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिली.

"अगं," ती हळूच म्हणाली, "बातमी चांगली आहे."